मदत हवी आहे : ऑक्टाव्हिया व्हीआरएसला कोणता एक्झॉस्ट?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. माझी स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस गाडी आहे, २३० पीएस ताकदीची. कंपनीचा एक्झॉस्ट फारच गप्प वाटतो, म्हणून कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा एक्झॉस्ट, नवा बसवायचाय. इंजिनाकडच्या पुढच्या पाइपला, म्हणजे डाउनपाइपला, हात लावणार नाही. त्यातला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की पीयूसीची कटकट, वर ईसीयू रीमॅपचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचा) खर्च.

खरी भीती घुमण्याची. मित्राने रेझोनेटर (आवाजाचं घुमणं कमी करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकलाय. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर अडीच हजार आरपीएमला केबिन इतकं घुमतं, की मागे बसलेल्या काकूंनी कानात कापूस घातला. माझ्या गाडीत आई असते, तिला हा त्रास नको.

रेझोनेटरवाला एक्झॉस्ट मिलटेक कंपनीचा घेऊ की रेमसचा? तीन इंची पाइपची गरज आहे का? ज्यांनी बसवलाय, त्यांनी पहाटे थंड इंजिन सुरू करतानाचा आवाज रेकॉर्ड करून टाकाल का? आमची गल्ली अरुंद आहे हो.