गोव्यातले लाइव्ह शो आणि अचानक सापडलेले बॅंड: तुमचे अनुभव लिहा

गेल्या शनिवारी पणजीत एका छोट्या जागेत शो होता. मुख्य बॅंड साडेआठचा. मी सातलाच जाऊन बसलो, कारण आधी वाजवणाऱ्या पोरांचं नावही कधी ऐकलं नव्हतं. चौघंजण, सगळे विशीतले. समोर आम्ही अकरा माणसं, मी मोजली. तिसऱ्या गाण्यात बाकीचे थांबले आणि बेस वाजवणारी मुलगी एकटीच चार सुरांची एक ओळ घोळवत राहिली. डोळे मिटलेले, तर्जनीला पांढरी चिकटपट्टी. दर फेरीला शेवटचा सूर किंचित उशिरा सोडायची. आठव्या फेरीला ड्रम आत आले आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं. मुख्य बॅंडही छान वाजला, पण घरी जाताना स्कूटरवर मी गुणगुणत होतो ती त्या मुलीची ओळ.

वीस-बावीस वर्षं मी शो ऐकत हिंडतोय. ज्या बॅंडवर पुढे जीव जडला, ते बहुतेक सगळे दुसऱ्याच कुणासाठी गेलो असताना भेटले. तुमचं काय? रॉक, जाझ, फादो (पोर्तुगीज गाणी), तियात्रातली (कोकणी संगीतनाट्यातली) कांतारं, भजन, घुमट आरती, काहीही चालेल. फक्त समोर बसून ऐकलेलं लिहा, फोनवरचं नको.
– सांतइनेजकर

*

पहिला नंबर माझा! ऑगस्टमध्ये दिवाडी बेटावर बोंदेरांचा सण असतो, तो पाहायला रायबंदरहून फेरीबोटीने गेले होते. रंगीत झेंडे, चित्ररथ, चिखल, सगळं पाहून झालं आणि परत निघणार तेवढ्यात एका घरासमोर ब्रास बॅंड उभा राहिला. माझ्या शेजारी क्लॅरिनेटवाले काका होते. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांनी नोटेशनच्या स्टॅंडला कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले होते, दोन निळे, दोन लाल. पान उलटायची वेळ आली की तोंडातलं वाद्य न काढता डाव्या हाताने चिमटा काढायचा, पान उलटायचं, चिमटा लावायचा, आणि सूर तुटायचा नाही. मी तीन गाणी नुसते ते चिमटे बघत ऐकली. तेव्हापासून फेस्त (चर्चचा सण) कुठलंही असो, मी बॅंडच्या बाजूला उभी असते.
– चोडणची माया

*

२००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर पहिला सनबर्न, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव, झाला, तेव्हा मी बारावीत. घरून परवानगी नव्हती, दुरूनच ऐकला. वाळूतून पायात चढणारा तो ठोका अजून आठवतो. पण खरं सांगायचं तर मोठ्या महोत्सवात मला नवीन कुणी सापडलं नाही. तिथे सगळे ओळखीच्या नावासाठीच आलेले असतात.
– म्हापशाचा शुक्रवार

*

माझा अनुभव बॅंडचा नाही, पण सांतइनेजकरांनी घुमट आरतीला जागा दिलीय म्हणून लिहिते.

माहेर फोंड्याकडचं. लहानपणापासून चवथीला घुमट ऐकत आले, पण ते बाबांचं, काकांचं, भावांचं. आम्ही बायका आत मोदक वळत असायचो आणि आवाज भिंतीपलीकडून यायचा. काही वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या मुलाचं नाव होतं म्हणून आरतीच्या स्पर्धेला गेले. मुलाच्या पथकाआधी एक महिला पथक होतं. नऊवारीतल्या बायका, काहींची पन्नाशी उलटलेली. मी पहिल्या रांगेत, हातभर अंतरावर. घुमट म्हणजे मातीचं मडकंच, एका तोंडाला चामडं, दुसरं लहान तोंड उघडं. आयुष्यभर ऐकलं, पण डावा हात काय करतो ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. उजव्या हाताची थाप सगळ्यांना दिसते. गुंगवणारा घुमार निघतो तो डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकायचं-सोडायचं, त्यातून. मधल्या बाईंचा तळवा असा हलत होता, जणू पाळण्यातल्या मुलाला थोपटतायत. शामेळ हे तालवाद्य वाजवणारीच्या दोन काठ्या, कांसाळ्यांचा (झांजांचा) खणखणाट, आणि खाली हा घुमार. माझ्या डोळ्यांना धार लागली.

पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं. त्या शिकारीवर बंदी आहे आणि ते बरंच झालं, आता बकऱ्याचं वापरतात. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ऊन किंवा शेक द्यावा लागतो, हे त्या बाईंनीच नंतर सांगितलं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. मी आता ५१ वर्षांची आहे आणि दर मंगळवारी शिकायला जाते.
– मोगरा

*

मोगराताई, वाचून अंगावर काटा आला. वर्गात नवीन लोकांना घेतात का?
– चोडणची माया

*

माये, घेतात गे. ये तू, घुमट मी देते.
– मोगरा

*

कान-नाक-घशाच्या विभागात नोकरी करते, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शोनंतर रात्रभर कानात शिटी वाजत असेल तर ते कौतुकाचं लक्षण नाही, कानाला इजा झाल्याचं आहे. ८५ डेसिबलला साधारण आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. स्पीकरसमोर तेवढा आवाज सहज असतो. संगीतकार वापरतात ते इअरप्लग घ्या. त्यात गाणं स्वच्छच ऐकू येतं, नुसतं हळू होतं. मी स्वतः एकही शो चुकवत नाही, आणि म्हातारपणीही चुकवायचा नाहीये.
– शिटी नको

*

वय ७४. मडगावजवळचा.

इथल्या तरुणांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. आमच्याकडच्या चर्चच्या पॅरिश शाळांत पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. नोटेशन वाचणारी ही पोरं मुंबईला गेली, जाझ क्लबांत वाजवू लागली आणि तिथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट हळदोण्याचे. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पडद्यावर नाव येत नसे. लोक ऐकत होते गोव्यालाच, आणि त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी नातीने मला जुन्या गोव्यात मोंतच्या चॅपेलकडे संगीत महोत्सवाला नेलं. डोंगरावर बसायचं, खाली मांडवी, पलीकडे दिवाडी. सूर्य बुडत होता आणि बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारवर फादो चालू होता. पोर्तुगीज राजवटीत वाढलेल्या माझ्या आईला ते गाणं समजलं असतं. मला शब्द कळले नाहीत, नात मात्र माझा हात धरून बसली होती. घरी येताना तिने विचारलं, "आजोबा, पुढच्या वर्षी?" गेल्या वर्षी गेलो. यंदाही जाणार.
– थोरला

*

केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना कुणी आठवलं नाही? उत्तरायुष्यात त्या ध्वनिमुद्रणापासून दूरच राहिल्या, ऐकायचं तर मैफलीला जायचं. आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर त्यांचंच गाणं अंतराळात गेलं. त्यांच्या नावाच्या संगीत समारोहाला दर वर्षी पणजीत कॅम्पालला जातो, नवा तरुण आवाज तिथेच पहिल्यांदा ऐकतो.
– भैरवी

*

मी पेडण्याचा, सध्या पुण्यात. दोन गोष्टी.

एक वाईट. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्याजवळच्या एका शोची तिकिटं काढून मित्रांसह रात्रभर बसने आलो. दारात कळलं, शो रद्द. पैसे आजतागायत मिळाले नाहीत. पण त्या बॅंडमधले दोघे बाहेर भिंतीवर बसले होते, आमच्याइतकेच उतरलेल्या तोंडाने. आम्ही पुण्याहून आलोय म्हटल्यावर एकाने पेटीतून गिटार काढली. माइक नाही, दिवा नाही. अर्धा तास गायले. त्यांचं पाचवं गाणं अजून रेकॉर्डच झालेलं नाही, मला पाठ आहे.

दुसरी चांगली. पुण्यात 'अभंग रिपोस्ट' हा बॅंड ऐकला. आजीच्या तोंडी ऐकलेले अभंग ड्रम आणि बेसवर येतात तेव्हा आधी बावचळायला होतं, मग मान डोलू लागते. आजीला घेऊन जायला हवं होतं.
– पेडणेकर पुणेकर

*

पहिल्यांदाच लिहितोय. मी वाजवतो, कोणत्या बॅंडमध्ये ते राहू दे. महिनाभर आम्ही लग्नांत आणि हॉटेलांत असतो. तिथे लोक सांगतील ती गाणी, आणि घर त्यावरच चालतं. स्वतःची गाणी वाजवायला मिळतात ती अशा अकरा माणसांच्या रात्री. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे पहिल्या बॅंडला उजेडातच उभं राहावं लागतं, खुर्च्या रिकाम्या असताना. कुणी लवकर येऊन फोन खिशात ठेवून ऐकत असेल, तर स्टेजवरून लगेच कळतं. त्या माणसासाठी आम्ही नीट वाजवतो.

शो संपल्यावर येऊन दोन शब्द बोला. आवडलेल्या गाण्याचं नाव घ्या. टी-शर्ट नाही घेतला तरी चालेल.
– तिसरी तार

*

तिसरी तार, तुमचं वाचून ठरवलं. त्या मुलीला त्या रात्री काहीच न बोलता निघून आलो, ते सलत होतं. त्यांचा पुढचा शो येत्या शुक्रवारी म्हापशात आहे, साडेसहाला. परतीची बस मिळणार नाही आणि त्या वेळी पायलटही (मोटरसायकल टॅक्सीवाला) सापडत नाही, म्हणून मी गाडी नेतोय. तीन जागा आहेत. येणाऱ्यांनी पावणेसहाला पर्वरीला थांबा.
– सांतइनेजकर

*

एक जागा माझी. इअरप्लगचं जास्तीचं पाकीट आणते.
– शिटी नको