लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल बदलावेत का? (बजेट तुटपुंजं आहे, पूर्ण वाचून सल्ला द्यावा)

निवडुंग (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. लॅपटॉप जुना आहे, खालचा खटका सरकवला की बॅटरी बाहेर येते त्या काळातला. यंत्र ठणठणीत आहे, लिहिण्या-वाचण्याचं काम भागतं, बदलायचा विचार नाही. बॅटरीने मात्र मान टाकली. चार्जर काढला की टक्केवारी ६० वरून थेट ७ वर येते आणि पडदा काळा. पॅकवर १०.८ व्होल्ट, ५२०० एमएएच, ५६ वॉट-तास असं छापलंय.
नुसते आतले सेल बदलून तोच पॅक परत वापरता येतो का? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, स्पॉट वेल्डर (सेलला धातूची पट्टी जोडायचं यंत्र) नाही. बजेट म्हणाल तर नव्या अस्सल बॅटरीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत, त्यावर एक पैसा नाही. "नवीन लॅपटॉप घ्या" हा सल्ला कृपया देऊ नये.

वाटसरू
नवीन लॅपटॉप घ्या. जुन्यावर केलेला खर्च पाण्यात जातो. मी गेल्या वर्षी घेतला, वजनाला वहीएवढा, दिवसभर चार्जर लागत नाही. बॅटरी, सेल वगैरे शब्दच विसरलोय.

निवडुंग
@वाटसरू, शेवटची ओळ वाचायची राहिली का?

वाटसरू
वाचली. तरी सांगतोय.

चक्रम_चार्जर
भाऊ, बिनधास्त करा. मी स्वतः केलंय. सहा सेल, तीन जोड्या. जोडीतले दोन समांतर आणि तिन्ही जोड्या एकापुढे एक. ३.६ गुणिले ३ म्हणजे तुमचे १०.८ व्होल्ट, हिशोब जुळतो. मी २६०० चे काढून चांगल्या कंपनीचे ३४०० एमएएचचे टाकले. मूळ बॅटरी नवी असताना चालायची त्यापेक्षा जास्त चालतेय. ऑफिसात लोक विचारतात कुठून आणली. स्पॉट वेल्डर नसला तरी चालतं, थेट डाग द्या, हात चपळ पाहिजे फक्त.

गोगलगाय
सेल बदलू नका आणि स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी तर मुळीच घेऊ नका. मी ऑनलाइन मागवली होती, वर ७८०० एमएएच छापलेलं. हातात घेतल्यावरच जुनीपेक्षा हलकी लागली. आठवडाभर बरी चालली, मग चार्ज ४० टक्क्यांच्या वर जाईना. विक्रेता म्हणतो "लॅपटॉप जुना आहे तुमचा". परतीची मुदत संपल्यावरच बिघडायचं हे यांना कोण शिकवतं?

सोल्डरकाका
@चक्रम, थेट डाग देण्याचा सल्ला नवख्या माणसाला देऊ नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंशाच्या आसपास असतं. सेलच्या आत दोन पत्र्यांमध्ये जो प्लॅस्टिकचा पडदा असतो तो १३० अंशाच्या पुढे मऊ पडायला लागतो. हात कितीही चपळ असला तरी सेलचं धातूचं बूड उष्णता ओढून घेतं, म्हणून डाग धरेपर्यंत आयर्न दाबून ठेवावं लागतं. सेल लगेच मरत नाही, पण कमजोर होतो आणि ते कळायला वेळ लागतो. निकेलच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेले सेल मिळतात, ते घ्यावेत आणि डाग पट्टीच्या टोकाला द्यावा.
दुसरं म्हणजे सेल बदलणं हा यातला सोपा भाग आहे. डोकेदुखी बोर्डाची असते. जेवण झालं की लिहितो.

मीपण
+१ काका. थेट डाग देऊ नये. पट्ट्या लावलेले सेल घ्यावेत.

चक्रम_चार्जर
काका, माझी चालू आहे अजून. पुस्तकातलं आणि प्रत्यक्षातलं वेगळं असतं.

टिकली
निवडुंग, आधी खरंच बॅटरी गेली आहे का ते बघितलं का? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक मोकळी जागा, मग स्लॅश आणि जोडून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता अशा दोन ओळी असतात. त्या इथे टाका, मग बोलू.

निवडुंग
धन्यवाद टिकली, हे माहीत नव्हतं. मूळ ५६,१६०, आता ३१,४०० मिलीवॉट-तास. म्हणजे निम्म्याहून जास्त शिल्लक दाखवतोय! मग दहा मिनिटांत बंद का पडतो?
@चक्रम, भाऊ नाही, ताई.

चक्रम_चार्जर
सॉरी ताई. सल्ला तोच.

सोल्डरकाका
तो ३१,४०० चा आकडा बोर्डाची समजूत आहे. पॅकमधल्या छोट्या बोर्डावर एक चिप असते, ती आत किती वीज गेली, बाहेर किती आली याचा जमाखर्च ठेवते. बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत बरेच दिवस वापरलीच नसेल, तर तिचा हिशोब जुन्या आकड्यांवर चालू राहतो. तीन जोड्यांतली एकच जोडी खचली असेल तर नेमकं तुमच्यासारखं होतं. भार पडला की त्या जोडीचा व्होल्टेज धाडकन खाली येतो, बोर्ड घाबरून सगळा पॅक बंद करतो. बाकीच्या दोन जोड्या भरलेल्याच राहतात.
आता बोर्डाबद्दल. त्याला वीज सेलमधूनच मिळते. सगळे सेल एकदम तोडले की काही बोर्ड नुसते झोपतात, नवे सेल जोडून चार्जर लावला की जागे होतात. काही मात्र कायमचा बिघाड अशी नोंद आतल्या मेमरीत करून ठेवतात. मग तुम्ही सोन्याचे सेल लावा, पॅक ढिम्म हलत नाही. काही बोर्डांवर तीन पायांचा फ्यूज असतो, तो चिप स्वतः जाळते. म्हणून जाणती माणसं तोडताना सर्वांत वरची धन तार आधी आणि ऋण सर्वांत शेवटी सोडवतात, जोडताना बरोबर उलट. आणि मधल्या काळात बाहेरून तेवढाच व्होल्टेज देऊन बोर्ड जागा ठेवतात.
हे सगळं जमलं तरी जुना हिशोब मेमरीत राहतोच. पूर्ण चार्ज, पूर्ण रिकामी, परत पूर्ण चार्ज अशी फेरी केली की काही चिपा नवी क्षमता शिकतात. काहींची नोंद खास यंत्र जोडून पुसावी लागते, ते यंत्र तुमच्या बजेटात बसणार नाही.

बिटबहाद्दर
काकांनी चिपचा विषय काढला म्हणून आठवलं. २०११ च्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेवरच्या परिषदेत चार्ली मिलर या सुरक्षा संशोधकाने अ‍ॅपलच्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांवर सादरीकरण केलं होतं. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, आणि तिच्या प्रोग्रॅमचं कुलूप उघडायचा पासवर्ड चिपच्या कारखान्याने दिलेला, तसाच ठेवलेला! कागदपत्रांत सरळ छापलेला होता. बॅटरीतसुद्धा प्रोग्रॅम असतो हे त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं.

टिकली
भारी माहिती, पण निवडुंगची बॅटरी यातून चालू कशी होणार?

बिटबहाद्दर
अवांतर होतं, तसं लिहायचं राहिलं.

शिस्तप्रिय
सर्वप्रथम सुरक्षितता! लिथियमवर पाणी पडलं की स्फोट होतो हे शाळेत शिकलोय. बॅटरी उघडताना शेजारी वाळूची बादली ठेवा, पाणी चुकूनही नको.

टिकली
शाळेत शिकलो तो शुद्ध धातू होता. या सेलमध्ये लिथियम संयुगांच्या रूपात असतं. विमानात लॅपटॉप पेटला तर पाणी किंवा अल्कोहोल नसलेलं कुठलंही पेय ओता, असंच अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन कर्मचाऱ्यांना सांगतं. उद्देश थंड करण्याचा असतो, म्हणजे एक सेल पेटला तरी शेजारचा पेटत नाही. वाळूने नुसता झाकलेला सेल आत तापतच राहतो.

शिस्तप्रिय
मी तरी वाळूच ठेवणार.

गोगलगाय
यासाठीच म्हणते, अस्सल बॅटरी घ्या आणि निवांत झोपा. बजेट थोडं वाढवा.

बिटबहाद्दर
अस्सल म्हणजे काही देवाची नाही. २००६ साली डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. सेल सोनीचे, आत धातूचे बारीक कण राहून गेलेले. आणि ताईंच्या मॉडेलची अस्सल बॅटरी आज घेतली तरी ती गोदामात कधीपासून पडून आहे कोणास ठाऊक. हे सेल न वापरताही म्हातारे होतात. घेणारच असाल तर पॅकवरची बनवल्याची तारीख वाचल्याशिवाय घेऊ नका.

मीपण
तारीख बघूनच घ्यावी. सहमत.

निवडुंग
मंडळी, पॅक उघडला. ओरडू नका. सुरी लावली नाही. कडेच्या फटीत जुनं प्लॅस्टिकचं कार्ड सरकवत गेले, टकटक आवाज करत सांधा सुटत गेला. कोपऱ्यावर कवच थोडं तडकलं, बाकी शाबूत. तारा तोडलेल्या नाहीत, जिथल्या तिथे ठेवून मोजलं.
बंद पडल्यावर लगेच: पहिली जोडी ३.८२, दुसरी ३.८०, तिसरी २.९१.
दुसऱ्या दिवशी: पहिल्या दोन होत्या तशाच, तिसरी २.४ वर.
तिसऱ्या जोडीतल्या एका सेलच्या टोपीभोवती ओलसर डाग आहे, गोडसर, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतोय. काका, तुमचं निदान अचूक.

सोल्डरकाका
वास येतोय म्हणजे आतला द्रव गळतोय. तो पॅक आता चार्ज करू नका, लॅपटॉपला परत लावू तर अजिबात नका. धातूच्या डब्यात, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा. हाताला लागलं असेल तर धुवा.

चक्रम_चार्जर
सोपं झालं की! फक्त दोन सेल बदला. चार चांगले आहेत. निम्म्याच्याही निम्म्या खर्चात काम. मी तर म्हणतो ही लॉटरी लागली.

सोल्डरकाका
नाही हो. चार जुने आणि दोन नवे एका माळेत घातले की माळ सर्वांत अशक्त जोडीइतकीच चालते. जुनी जोडी आधी भरते, बोर्ड चार्जिंग थांबवतो, नवी अर्धवट राहते. समतोल साधायला बोर्ड जो प्रवाह वळवतो तो अगदी किरकोळ असतो, एवढी तफावत त्याला झेपत नाही. बदलायचे तर सहाच्या सहा, एकाच खेपेतले, आणि समांतर जोडण्याआधी व्होल्टेज सारखे करून.
आणि ९९०० एमएएच वगैरे छापलेले सेल दिसले तर पळा. या गोल सेलचं माप १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या जागेत चांगल्यात चांगल्या कंपनीचे सेल ३५००-३६०० च्या आसपास जातात. वजनही बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो.

गोगलगाय
माझ्या त्या हलक्या बॅटरीचं रहस्य आज उलगडलं.

ठोकळा
आमच्याकडे बारीक लॅपटॉप आहे, त्याचा टचपॅड वर आलाय आणि झाकण नीट बसत नाही. बॅटरी फुगली असं कोणीतरी म्हणालं. पिन टोचून हवा काढता येईल का?

सोल्डरकाका
नाही!! पिन दूर ठेवा. बंद करा, चार्जिंग करू नका, जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

वाटसरू
एव्हाना नवीन लॅपटॉप घेऊन झाला असता.

निवडुंग
सर्वांचे आभार. निर्णय घेतला. सेलही बदलत नाही आणि बॅटरीही घेत नाही. लॅपटॉप टेबलावरच असतो, मला बॅटरी लागते ती वीज गेल्यावर फाइल वाचवण्यापुरती. बॅटरी काढून थेट अडॅप्टरवर चालवून बघितलं, व्यवस्थित चालतो. अडॅप्टरसाठी एक छोटा यूपीएस बघून ठेवलाय, बजेटात बसतो, आणि त्याची बॅटरी खराब झाली तर कुठल्याही मॉडेलची भानगड न होता बदलता येते.

चक्रम_चार्जर
मग एवढा पॅक उघडलात कशाला ताई? सहा सेल टाकून अर्ध्या दिवसात झालं असतं.

गोगलगाय
लॅपटॉप आहे तो, डेस्कटॉप नव्हे! बॅटरीशिवाय काय मजा.

टिकली
मला पटलं नाही, पण एक तपासून घे. काही लॅपटॉप बॅटरी नसली की प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतात, कारण एकदम जास्त वीज लागली तर अडॅप्टरच्या मदतीला बॅटरी नसते. टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो, एखादं जड काम चालू करून बघ. आणि अडॅप्टरची पिन सैल असेल तर यूपीएसही काही करू शकणार नाही, नुसता धक्का लागला तरी बंद.

निवडुंग
बघितलं. वेग कमी होत नाहीये. पिन घट्ट आहे, वायर टेबलाच्या पायाला बांधून टाकते.

सोल्डरकाका
मी सहा सेलच टाकले असते. पण गळका पॅक वापरणार नाही एवढं ऐकलंत, पुरे. तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

चक्रम_चार्जर
ई-कचऱ्यात कशाला? त्यातले चार चांगले सेल मला पाठवा, टॉर्चला होतील.

निवडुंग
नाही.