ऑक्टोबरची बाळं आणि आश्विनी
ऑक्टोबरात जन्मलेल्या बाळाचा खडा ओपल, असं म्हणतात ते बरोबर. पण कुठल्या महिन्याला कुठला खडा, ही यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांनी १९१२ मध्ये ठरवलेली, त्यामुळे पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या सराफी दुकानात कुणी ओपल गळ्यात मारायला लागलं तर जरा दमानं घ्या.

आपल्याकडची एक गोष्ट राहिलीच. बहुतेक वर्षी याच महिन्यात कोजागरी येते आणि त्या दिवशी 'आश्विनी' म्हणून घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, नवे कपडे देतात. जन्म कुठल्याही महिन्यातला असो, मान थोरल्याचाच! आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी यावरून दरवर्षी रुसवाफुगवी. ऑक्टोबरात जन्मलेली धाकटी बहीण आणि पाटावर बसायचो मी. मग आई आटीव दुधावरची सगळी साय तिच्या पेल्यात घालायची. साय मलाही आवडायची, पण विचारतंय कोण!