मदत हवी आहे: घराखालची ओल काही केल्या जात नाही

वैतागलेला_एक
घराखाली ओल आहे. दोन वर्षं झाली. वॉटरप्रूफिंगवाला आला, काहीतरी फासून गेला, पैसे गेले, ओल तिथेच. खोलीत शिरलं की कुबट वास. कपाटातल्या बुटांना बुरशी. नेटवर वाचलेलं सगळं करून झालंय, तेव्हा 'शोधून बघा' म्हणू नका. नेमका उपाय सांगा, लवकर.

खटपट्या
जोत्याला बाहेरून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात मारा. आमच्याकडे मारले, पाच वर्षं ठणठणीत कोरडं आहे. यात एवढं डोकं लावण्यासारखं काही नाही.

चुनखडी
भिंत कशाची आहे ते न विचारताच? चुन्यात बांधलेली जुनी दगडी भिंत असेल तर तिला कोटिंग चोपडणं म्हणजे ओलेत्या माणसाला रेनकोट चढवणं. पाणी आत कोंडतं, वाट मिळेल तिथून वर चढतं आणि प्लास्टर फुगून पडतं. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा.

खटपट्या
आला चुना. धागा कुठलाही असो.

मोजपट्टी
धागाकर्ते, घर किती जुनं? जमीन कशाची? खाली भराव आहे की पोकळी? ओल बारमाही की पावसाळ्यापुरती? सगळ्या घरात की एकाच बाजूला? आणि त्या माणसाने 'काहीतरी' फासलं म्हणजे नेमकं काय, नि कुठे?

वैतागलेला_एक
काय फासलं ते त्यालाच माहीत, काळं होतं, बाहेरून. फळ्यांची जमीन आहे, म्हणजे खाली पोकळी असणारच ना! दोन-अडीच फूट. रांगत जाता येतं. वास बारा महिने, पावसाळ्यात जास्त. मागच्या खोलीत सगळ्यात जास्त.

मोजपट्टी
'असणारच ना' कसं? इथे निम्म्या लोकांच्या फरशीखाली ठासून भराव आहे. पोकळी असेल तर उपाय वेगळा. पोकळीतली जमीन उघडी मातीच आहे का?

गच्चीवरून
आधी गच्चीवर चायना मोझॅक करून घ्या. उन्हाचा तापही कमी होतो.

मोजपट्टी
अहो, ओल घराखाली आहे.

गच्चीवरून
पाणी वरूनच खाली जातं ना?

नळकांडे
धाग्याला फाटे फोडू नका. पाणी तीनच वाटांनी येतं: फुटक्या पाइपातून, मातीतून किंवा हवेतून. पहिलं तासाभरात कळतं. घरातले सगळे नळ बंद करा, टाकी भरत नाही ना ते बघा आणि पाण्याच्या मीटरवर डोळा ठेवा. काटा हलला तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळतंय. सांडपाण्याचा पाइप मात्र मीटरला दिसत नाही. तो खाली शिरूनच बघावा लागेल, वरून कुणाला तरी बादलीभर पाणी ओतायला सांगून. आत जाण्याआधी तिथली वीज मेन स्विचवरून बंद करा. ओल्या मातीत रांगताना उघडी वायर नको.

मोजपट्टी
आणि खाली गेलातच तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा मातीवर पसरून कडांवर विटा ठेवून या. दोन दिवसांनी बघा. थेंब खालच्या बाजूला असतील तर ओल मातीतून येतेय, वरच्या बाजूला असतील तर हवेतून.

झुळूक
एवढं कशाला? हवा खेळती ठेवा, ओल आपोआप जाते. जोत्यात जाळ्या आहेत ना?

वैतागलेला_एक
सहा होत्या. उंदीर यायचे म्हणून गेल्या वर्षी विटा लावून बुजवल्या.

झुळूक
सापडलं! उघडा त्या.

नळकांडे
सरसकट नको. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा २६ अंशांवरच पाणी सोडायला लागते. घराखालची सावलीतली जमीन त्याहून थंड असली की भर पावसाळ्यात जाळ्या उघडून तुम्ही ओल आत बोलावताय. कोरड्या दिवसांत खुशाल उघडा.

झुळूक
आमच्या जुन्या घराच्या जाळ्या कायम उघड्या होत्या. काही झालं नाही.

मांजरप्रेमी
उंदरांसाठी विटा? मांजर पाळा. आमची घराखालीच असते.

खटपट्या
मांजर ओल पिते का?

मोजपट्टी
विटांऐवजी बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावा, उंदीरही थांबतील आणि हवाही जाईल. पण एक लक्षात घ्या. ओल दोन वर्षांची आहे आणि जाळ्या बुजवल्या गेल्या वर्षी. म्हणजे मूळ कारण त्याआधीचं. तेव्हा घराभोवती काय बदललं?

वैतागलेला_एक
काहीच नाही. मीटर तासभर बघितलं, काटा हलला नाही. बादली ओतून बघितली, पाइप कोरडे. प्लॅस्टिक ठेवलंय.

मोजपट्टी
पन्हळीचं पाणी कुठे पडतं? अंगण, बाग, फरसबंदी? काहीच बदललं नाही?

वैतागलेला_एक
आईने मागच्या भिंतीलगत फुलझाडांचा वाफा केला. विटांचा कठडा, आत माती, कमरेएवढा. रोज पाणी घालते. त्याचा इथे काय संबंध?

चुनखडी
😐

नळकांडे
धन्य आहात. वाफ्यातली माती जोत्याच्या वर गेली की भिंतीतला ओलरोधक थर काय करणार? पाणी त्याला वळसा घालून वरून शिरतं. ते काळं वाफा तसाच ठेवून फासलं असेल तर वाफ्यामागची भिंत कोरीच राहिली. आधी वाफा हटवा. मग भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर तरी. पन्हळीचा पाइपही भिंतीपासून लांब न्या.

मोजपट्टी
त्यानंतर पोकळीतली सगळी माती जाड प्लॅस्टिकने झाका. १५० मायक्रॉन किमान, रांगून जायचं तर त्याहून जाड. सांध्यावर एक कागद दुसऱ्यावर फूटभर चढवा, चिकटपट्टी मारा, कडा भिंतीवर वीतभर वर घ्या. हे शेवटी, आधी नाही. पाणी आत शिरत असताना झाकलंत तर प्लॅस्टिकवर तळं होईल.

खटपट्या
आणि मग कोटिंग.

वैतागलेला_एक
थेंब खालच्या बाजूलाच निघाले. वाफ्याचं आईला कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा.

मांजरप्रेमी
कुंड्या. पण त्या भिंतीपाशी नकोत.

नळकांडे
आईचं नंतर. दोन वर्षं ओल म्हणजे लाकूड तपासायलाच हवं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीचा धोका सुरू होतो. मागच्या बाजूच्या तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं.

वैतागलेला_एक
आत्ता बघून आलो. चार तुळया ठीक. कोपऱ्यातलीत दोन पेरं आत गेला, जोर न लावता. भुसा ओला आहे.

मोजपट्टी
त्या कोपऱ्यावर वर काय ठेवलंय?

वैतागलेला_एक
लोखंडी कपाट. भरलेलं.

नळकांडे
आज रात्रीच रिकामं करून दुसऱ्या खोलीत हलवा. तोवर त्या तुळईखाली जाऊ नका. टेकू द्यायला जाणता सुतार उद्या बोलवा, स्वतः विटा रचू नका. आणि फोटो टाका, ओल्या भुशात वाळवीही असू शकते.

गच्चीवरून
कपाट गच्चीवर नका ठेवू.