ईसी मीटर बघून डाळिंबाला खत सोडायचं का?

धागाकर्ता (मोहोळ): सांगोला, पंढरपूर, मोहोळ, सगळीकडं डाळिंबवाले आता टाकीत ईसी (पाण्याची विद्युत वाहकता) मीटर बुडवतात आणि आकडा बघून खत ठरवतात. माझ्या मते हे साफ चूक आहे. मीटर खत मोजत नाही, पाण्यातनं करंट किती जातो तेवढंच बघतो, आणि करंट नेतात ते आयन, म्हणजे चार्ज असलेले कण. 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट खत) लिटरला 1 ग्रॅम टाका, पोटॅशियम आणि नायट्रेट सुटे होतात, आकडा 1.3 mS/cm च्या आसपास वाढतो (पुढचे मीटरचे आकडे पण यातच). तेवढाच युरिया टाका, काटा हलत नाही, कारण युरिया विरघळतो पण त्याचे आयन होत नाहीत, अख्खा रेणू चार्जशिवाय तसाच फिरतो. मग आकडा कमी दिसतोय म्हणून लोक अजून ढकलतात आणि मुळं जळतात.

बोअरवाला, मंगळवेढा: मालक, युरियाचं बरोबर आहे, पण म्हणून मीटर टाकून द्यायचा काय? आमच्या बोअरला खत टाकायच्या आधीच 2.5 येतो, 2.25 च्या वरचं पाणी अतिखारट धरतात, हे मीटरशिवाय कळणार कसं? आणि युरियाचं मातीत जिवाणू अमोनियम करतात, पुढं नायट्रेट, मग तो पण ईसीत येतोच. टाकीत नाही, मुळापाशी मोजा.

केमिस्ट्रीवाले सर, विजापूर रोड: 2.5 आहे खरं, पण कशाचा? मीटरला सोडियम आणि कॅल्शियम वेगळे दिसत नाहीत. काळ्या रानात सोडियम जास्त गेला की जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते, कॅल्शियमनं तसं होत नाही. शिवाय सगळे आयन सारखे पळत नाहीत, सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, तरी पाण्याचे रेणू घट्ट धरून चालतो म्हणून मागं पडतो, 25 अंशाला त्याची वाहकता 50 तर पोटॅशियमची 73. लॅबमधनं एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती ते) काढून घ्या.

धागाकर्ता: त्यात तापमान धरा. अंशामागं साधारण 2 टक्के वाढ. मे महिन्यात टाकी 25 वरनं 40 अंशाला गेली की साध्या मीटरवर तेच पाणी 30 टक्के जास्त खारट दिसतं.

बोअरवाला, मंगळवेढा: एटीसीवालाच (तापमानाचा फरक आपोआप धरणारा) मीटर घ्यायचा, 1.413 ईसीच्या ठरलेल्या द्रावणात तपासायचा. सर, लॅबचा रिपोर्ट वर्षातनं एकदा, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की क्षार वाढतात ते मला त्याच दिवशी कळतं. मी मीटरनं पाणी मोजतो, खत नाही.

धागाकर्ता: तुम्ही पाणी मोजता ओ, पण दुकानात मीटर देताना डोस यावर ठरवा म्हणूनच सांगतात, माझा राग त्याच्यावर आहे. 19:19:19 मधला बराचसा नत्र युरियाचाच असतो, पिशवीवर छापलेलं असतं. तेवढं वाचा आणि डोस वजनानं काढा.