प्रश्न, मतभेद, तंटा : सिंधू करारातले शब्द

प्रश्न : सिंधू कराराच्या बातम्यांत ‘तटस्थ तज्ज्ञ’, ‘लवाद’ आणि ‘मध्यस्थ’ हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. फरक काय?

उत्तर : फरक मोठा आहे. भारत-पाकिस्तानमधल्या १९६० च्या या पाणीवाटप करारातल्या नवव्या कलमात पायऱ्या आहेत. आधी नुसता ‘प्रश्न’ उपस्थित होतो. तो दोन्ही देशांचे आयुक्त स्थायी सिंधू आयोगात तपासतात. तिथे एकमत झाले नाही, की त्याला ‘मतभेद’ म्हणतात. विषय करारात नेमून दिलेल्या तांत्रिक यादीतला असेल तर तो तटस्थ तज्ज्ञाकडे जातो. हा अभियंता असतो. चिनाब नदीवरच्या बगलिहार धरणाच्या वेळी २००७ मध्ये तज्ज्ञाने धरण बांधायचे की नाही हे ठरवले नाही. वीजनिर्मितीसाठीचा साठा ३७.५ वरून ३२.५६ दशलक्ष घनमीटरवर आणला. असे नेमके आकडे हेच त्याचे काम.

यादीबाहेरचा मतभेद ‘तंटा’ ठरतो. त्यावर सरकारे वाटाघाटी करू शकतात, त्या न जमल्यास सात जणांचे लवाद न्यायालय बसते. भारताच्या किशनगंगा जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणी २०१३ मध्ये त्याने नदीत किमान ९ क्युमेक (सेकंदाला ९ घनमीटर) प्रवाह राखायला सांगितले. बातमीत तिन्ही पायऱ्यांना सरसकट ‘वाद’ म्हटले, की प्रकरण कुठल्या दारात आहे हेच वाचकाला कळत नाही. २०२२ मध्ये किशनगंगा आणि रतले प्रकल्पांसाठी तज्ज्ञ आणि लवाद दोन्ही एकाच वेळी नेमले गेले. भारताचा आक्षेप नेमका यावरच होता, आणि ‘वाद’ या शब्दात तो दिसतच नाही.

पुरवणी : ‘मध्यस्थ’ वेगळा. तो दोघांना बोलते करतो, निकाल देत नाही. सिंधू करारात वाटाघाटींच्या टप्प्यावर दोघांना मान्य असलेला मध्यस्थ घेता येतो. लवादाचा निर्णय मात्र बंधनकारक. आपल्याकडे कृष्णा पाणीतंटा लवादही ‘लवाद’च, पण तो देशांतर्गत कायद्याने नेमलेला असतो. म्हणून दोन देशांच्या संदर्भात ‘लवाद न्यायालय’ असे पूर्ण लिहिलेले बरे.

प्रश्न : आणि ‘क्युसेक’? गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याच्या लेखांत ‘बांगलादेशला ३५ हजार क्युसेक पाणी मिळाले’ असे वाचले.

उत्तर : क्युसेक हा प्रवाहाचा दर आहे, साठा नव्हे : सेकंदाला एक घनफूट. किती दिवस, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अपुरे. भारत-बांगलादेशच्या १९९६ च्या गंगा करारात १ जानेवारी ते ३१ मेपर्यंतचा हिशोब दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत होतो. फराक्काला प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मा-निम्मा वाटा. ३५ हजार क्युसेक सलग दहा दिवस म्हणजे सुमारे ३० टीएमसी (अब्ज घनफूट). किशनगंगाचे आकडे क्युमेकमध्ये असतात. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. एकाच लेखात दोन्ही आले तर रूपांतर करूनच द्यावे.