पूर्वी मिशनच्या दवाखान्यात काम केलेले परदेशी पाहुणे आता पर्यटक म्हणून येताहेत, काय काय सांभाळायचं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. जानेवारीत एक अमेरिकन जोडपं आठ दिवसांसाठी येतंय, दोघंही ऐंशीच्या आसपास. 1970च्या दशकात कोकणातल्या एका मिशनच्या दवाखान्यात ते डॉक्टर आणि त्या नर्स होत्या. तेव्हा मिशनरी व्हिसा होता, आता पर्यटक व्हिसा काढणार. रविवारी चर्चला जायचंय, जुन्या माणसांना भेटायचंय, थोडी देणगी द्यायचीय, आणि एका सहकाऱ्याची कबर शोधायचीय. त्यांच्या आणि आमच्याही बाजूने कुठे चुकू शकतं? परदेशी पाहुणे आमच्याकडे पहिल्यांदाच येताहेत.

कागदवाला
आधी व्हिसा. अमेरिकन नागरिकांना ई-टुरिस्ट व्हिसा मिळतो: 30 दिवस, 1 वर्ष किंवा 5 वर्षं. 1 वर्षाचा घ्यायला सांगा. 30 दिवसांच्या व्हिसाला मुदतवाढ नाही आणि या वयात प्रवासाची तारीख पुढे-मागे होतेच. अर्ज निदान 4 दिवस आधी करावा लागतो; प्रत्यक्षात तीन आठवडे हाताशी ठेवा. संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नेच संपतो ना, ते बघा. हुबेहूब दिसणारी खाजगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात.

अर्जात 'यापूर्वी भारतात आला होता का' हा रकाना आहे. तिथे 'नाही' लिहू नका. मिशनरी व्हिसावर येऊन गेलो हे लपवण्यासारखं काही नाही, पण लपवलेलं सापडलं तर व्हिसा जातो. त्याच ठिकाणी जुन्या व्हिसाचा नंबर, प्रकार, कुठे आणि कधी मिळाला हेही विचारतात. म्हणजे माळ्यावरचा जुना पासपोर्ट आत्ताच खाली काढायला सांगा. तो हरवला असेल तर वकिलातीकडून साधा कागदी व्हिसा घेणं बरं. अर्जात प्रवासाचं कारण 'मित्र-नातेवाइकांची भेट' द्या, व्यवसाय 'निवृत्त'. भारतातला संदर्भ म्हणून तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर. तो फोन उचला मात्र.

पडवीतला
होमस्टेवाल्यांचं घोडं सी-फॉर्मवर अडतं. परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत ऑनलाईन नोंद करायची, आणि ती तुम्ही करायची, पाहुण्याने नव्हे. त्यासाठी आधी यूजर आयडी लागतो. त्याला मंजुरी जिल्ह्याच्या परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडून, म्हणजे ओरोसला पोलीस अधीक्षक कार्यालयातून. हे काम डिसेंबरच्या सुरुवातीलाच उरका. पाहुणे दारात उभे आणि आयडी मंजूर नाही, हा नेहमीचा गोंधळ.

भरताना चुका कुठे होतात? नावाचा क्रम: पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव वेगळ्या ओळींवर असतं, आपण सवयीने एकत्र लिहून टाकतो. दुसरी चूक तारखांची. भारतात आल्याची तारीख वेगळी, तुमच्याकडे आल्याची वेगळी. तिसरी अशी की पाहुणे मध्येच दोन रात्री गोव्याला राहून परत येतात आणि दुसऱ्यांदा नोंद करायची राहून जाते. नवरा-बायकोचे फॉर्मही वेगळे. प्रत्येकाची छापील प्रत फाईलला लावा.

घंटा आणि घाट
चर्चचं नीट समजून घ्या, खरी मेख तिथे आहे. पर्यटक व्हिसावर प्रार्थनेला बसता येतं, प्रवचन ऐकता येतं, धर्मस्थळं बघता येतात. धर्मोपदेश करणं, धर्मस्थळात भाषण देणं, पत्रकं वाटणं, धर्मांतराचा प्रयत्न करणं चालत नाही. पाहुणे यातलं काही करणार नाहीत हो, पण गावची मंडळी त्यांच्याकडून करून घेतील! उपासना संपत आली की पाळकसाहेब प्रेमाने माईक पुढे करतात, "डॉक्टरसाहेब, दोन शब्द बोला." ते उठतात, मोडक्या मराठीत बोलतात, शेवटी सवयीने एखादं वचन आणि प्रार्थना. कोणीतरी व्हिडिओ काढतो आणि दुपारपर्यंत 'आपले मिशनरी परत आले' अशा ओळीसह तो फेसबुकवर. बोलणं साधंच असलं तरी ती ओळ तपासणाऱ्याच्या डोळ्यात भरते.

म्हणून आदल्या आठवड्यात पाळकांना आणि पंचांना भेटून ठरवा. पाहुणे बाकावर बसतील, स्वागत झालं की उभं राहून नमस्कार करतील, बस्स. आठवणींच्या गप्पा उपासनेनंतर बाहेर मांडवात चहा-खारीबरोबर. 'मिशनरी' हा शब्द फलकावर आणि फोटोखालीही नको. 'दवाखान्यातले जुने डॉक्टर' पुरे.

देणगीचं त्याहून नाजूक. परदेशी नागरिकाने दिलेला पैसा रुपयांत असला तरी 2010च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येतो. संस्थेकडे त्या कायद्याची नोंदणी असेल तरच घेता येतो, आणि तोसुद्धा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. दानपेटीत पाचशेची नोट टाकली तरी कायदा तोच. चर्च किंवा शाळा नोंदणीकृत नसेल तर पाहुण्यांना स्पष्ट 'नको' म्हणा. जुन्या आयाबाईंना साडी, चष्मा अशी स्वतःच्या वापराची भेट द्यायला हरकत नाही. रोख रक्कम देणार असतील तर वर्षभरात नात्याबाहेरच्या लोकांकडून मिळालेली एकूण रक्कम 50,000च्या वर गेली की सगळीच करपात्र होते, एवढं घेणाऱ्याला सांगा.

आणि डॉक्टर असले तरी पेशंट तपासायचे नाहीत. इथल्या नोंदणीशिवाय तो गुन्हा आहे. "साहेब, जरा गुडघा बघा" म्हणणारे दहा जण येतील.

खाडीकाठ
माईकचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद! आणखी एक: एका ओळखीच्यांनी पाहुण्यांसाठी 'जुन्या बंगल्याबद्दल एक कागद' तयार ठेवलाय म्हणे, सही हवीय. आणि कबरीचं काय करावं?

कागदवाला
सही अजिबात नको. मिशनच्या जागांच्या मालकीचे वाद ठिकठिकाणी कोर्टात आहेत, आणि जुन्या मिशनरीचं प्रतिज्ञापत्र तिथे पुरावा म्हणून फिरवलं जातं. "आमच्या वकिलाला दाखवतो" म्हणून कागद परत करायचा.

जांभादगड
कबरीसाठी मिशन कुठलं ते आधी ठरवा. वेंगुर्ला, रत्नागिरीकडचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्यांची कागदपत्रं फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत, पाहुण्यांना तर ती घरचीच. (प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि 1977 ते 1980 अमेरिकेचे भारतातले राजदूत असलेले रॉबर्ट गोहीन यांचा जन्म 1919चा, वेंगुर्ल्याचा. वडील मिशनचे डॉक्टर.) बाणकोट, हर्णैकडचं काम 1823पासून स्कॉटिश मिशनचं, त्यासाठी एडिंबरातली कागदपत्रं. ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्याच्या दफन नोंदी ब्रिटिश लायब्ररीत 'एन/3' मालिकेत आहेत. 1970नंतरचं मात्र स्थानिक चर्चच्या रजिस्टरातच.

दफनभूमीत जायच्या चार दिवस आधी गवत काढून घ्या. दगडांच्या फटीत फुरसं असतं, त्यामुळे बंद बूट, हातात काठी, आणि दगडाखाली हात घालणं नाही. अक्षरं शेवाळाने बुजलेली असतील तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू यांनी जांभा आणि संगमरवर दोन्ही खराब होतात. वाचायला सकाळी नऊच्या आत जा. ऊन तिरपं पडलं की कोरीव अक्षराच्या कडेला सावली येते, दुपारी तोच दगड कोरा दिसतो.

तुतारीचा प्रवासी
प्रवासाचं थोडक्यात. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरावं लागेल. कोकणकन्या आणि मांडवी कुडाळ, सावंतवाडी दोन्हीकडे थांबतात, पण थांबा जेमतेम, तेव्हा सामान आधीच दाराशी. आपल्याला 60 दिवस आधीचं आरक्षण मिळतं, परदेशी पर्यटकांना 365 दिवस आधीपासून, तेही ठरावीक गाड्यांच्या वरच्या वर्गात. ऐंशीच्या माणसांना रेल्वेपेक्षा गोव्यातला मोपा विमानतळ सोपा. ई-व्हिसावर तिथे थेट उतरता येतं. गॅरमिन इनरीचसारखं सॅटेलाईटवरून संदेश पाठवणारं यंत्र बॅगेत नको, विमानतळावर जप्त होतं. मोठी दुखणी-खुपणी झाली तर आपल्याकडचे बहुतेक जण गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातच जातात, तो रस्ता ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

आणि पावण्यांका सोलकढी देवक इसरू नकात.